नवरा-बायको दोघेही एकाच दिवशी ऑपरेशनला : मग सेवा कोण करणार?

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस सुरू आहे. तपासण्या जुळल्या आणि बायको म्हणाली, माझी किडनी द्या. असे घर वस्तीत असले की आपण तिच्या त्यागाचे कौतुक करतो आणि तिथेच थांबतो. पण त्या दिवशी घरातली दोन्ही कर्ती माणसे एकाच वेळी रुग्ण होतात. एरवी एक आजारी पडला तर दुसरा उशाशी बसतो. इथे दुसराही खाटेवर असतो.

कायदा आणि कागद

1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी 'जवळचे नातेवाईक' मानले जातात. पण नाते कागदावर दाखवावे लागते. विहारात बौद्ध पद्धतीने लग्न लागले, फोटो निघाले, पण नोंदणी राहून गेली, अशी जोडपी आपल्यात कमी नाहीत. ऐन आजारपणात ही धावपळ नको. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत विवाह नोंदणी आजच करून घ्या.

रक्तगट जुळत नसेल तरी दार बंद होत नाही. 2011 च्या दुरुस्तीनुसार अशी दोन जोडपी परस्परांत किडनीची अदलाबदल करू शकतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या जास्त आहे आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. किडनी देणे हा तिचा निर्णय असला पाहिजे. शेवटच्या क्षणी 'नाही' म्हणण्याचाही तिला अधिकार आहे. घरच्यांचा दबाव म्हणजे संमती नव्हे.

ऑपरेशननंतर काय होते?

नवी किडनी काम करू लागली की नवऱ्याला बरेचदा लवकर तरतरी येते. बायको मात्र धडधाकट आत गेलेली असते आणि दुखणे घेऊन बाहेर येते. तिला साधारण आठवड्याभरात घरी सोडतात. घरी आली म्हणजे बरी झाली असे समजून पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर, धुणी-भांडी पुन्हा तिच्याच अंगावर पडतात. साधारण 6 आठवडे तिने जड काही उचलायचे नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. पुढे दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी करायची असते.

नवऱ्याची लढाई वेगळी. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या ठरलेल्या वेळी, किडनी काम करते आहे तोवर रोज घ्याव्या लागतात. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पहिले काही महिने तो सर्वात जास्त असतो. ताप आला, लघवी कमी झाली, सूज किंवा वजन वाढले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

धम्म काय सांगतो?

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची कथा आहे. नकुलपिता अत्यवस्थ असतो. नकुलमाता त्याला सांगते, घराची काळजी मनात घेऊन जाऊ नका, मी सूत कातून मुले सांभाळीन. त्या धीराने तो बरा होतो, काठी टेकत तथागतांकडे जातो. तथागत त्याला सांगतात, अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य. पण तिथे नकुलमाता धडधाकट होती. दोघेही खाटेवर असतील तर?

त्याचे उत्तर विनयपिटकातल्या महावग्गात मिळते. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूकडे कोणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदांसह त्याला स्वतः धुऊन काढले आणि भिक्खूंना समजावले की इथे तुमचे आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? रुग्णाची सेवा ही माझीच सेवा, असे त्यांनी म्हटले. म्हणजे घर अपुरे पडते तिथे संघाने उभे राहायचे.

आपण काय करू शकतो?

• दोन रुग्ण, म्हणून दोन सोबती. नवऱ्याजवळ एक, बायकोजवळ एक. मंडळातल्या तरुण-तरुणींनी पाळ्या लावून घ्याव्यात.
• मुलांची शाळा, डबा, पाणी भरणे यासाठी दोन महिन्यांचे वेळापत्रक करावे. स्वयंपाक फक्त बायकांवर टाकू नये.
• भेटायला गर्दी करू नये. आपले प्रेम खरे, पण त्यातून संसर्ग जाऊ शकतो. फोन करा. सर्दी-खोकला असेल तर त्या घरी जाऊच नका.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मागून घ्या.
• वर्गणी ऑपरेशनपुरती काढू नका. औषधांचा खर्च नंतरही चालू राहतो.

जयंतीला आपण आठवडाभरात शंभर कार्यकर्ते उभे करतो. अशा एका घरासाठी दोन महिने दहा जण पुरतात. तुमच्या विहारात ती दहा नावे आजच लिहून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!