कॅनोलाचा बेवड

गव्हाला हरभऱ्याचा बेवड मिळाला की निम्मी काळजी मिटली असे आपल्याकडील जाणता शेतकरी मानतो, आणि मागील पीक भूमीला जे देऊन जाते ते सारे सांगणारा ‘बेवड’ इतका नेमका शब्द मला कृषिशास्त्राच्या परिभाषेत आढळलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस, वागा वागाच्या आसपासच्या गव्हाच्या मुलुखात हा मान कॅनोलाला मिळाला आहे. हे आपल्या मोहरीच्याच गणगोतातील पीक. तेलातील एरुसिक आम्ल आणि पेंडीतील ग्लुकोसिनोलेट ही द्रव्ये घटवून ते कॅनडात सिद्ध झाले आणि १९७४ साली ‘टॉवर’ हे त्याचे पहिले वाण प्रसृत झाले.

तेलाच्या दराचा हिशेब व्यापाऱ्यांनी मांडावा. माझ्या मते या पिकाचे खरे मोल जमिनीखाली आहे. गव्हामागून गहू घेतलेल्या रानात ‘टेक-ऑल’ ही बुरशी मुळांत ठाण मांडते, मुळे काळी पडतात आणि ओंब्या अकाली पांढऱ्या होऊन दाण्यावाचून उभ्या राहतात. ही बुरशी एका हंगामातून दुसऱ्यात जाते ती गहू व तत्सम गवतांच्या मुळा-धसकटांच्या आश्रयाने, आणि कॅनोलाच्या वर्षी तो आश्रयच तुटल्यामुळे तिची उपासमार होते. शिवाय गहू हेही गवतच असल्याने त्यात जो बंदोबस्त अवघड, तो रायग्राससारख्या तणांचा बंदोबस्त रुंद पानांच्या या पिकात तणनाशकाने निर्धास्तपणे करता येतो.

मोहरी फेसताना नाकाला झोंबणाऱ्या द्रव्याच्याच कुळातील वायू या पिकाची मुळे कुजताना सुटतात, आणि तेच बुरशीला मारत असावेत, असा तर्क सीएसआयआरओ या संस्थेतील जॉन किर्केगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडून १९९३ साली त्याला ‘बायोफ्युमिगेशन’ असे नाव दिले. परंतु पुढे त्यांच्याच शेतांवरील प्रयोगांतून असे निष्पन्न झाले की वायूचा वाटा अल्प असून मुख्य काम आश्रय तुटण्याचेच आहे. स्वतःच्या आवडत्या कल्पनेचा फेरतपास स्वतःच करण्याचे हे शील मला फार मोलाचे वाटते. अनेक देशांतील प्रयोगांचा त्यांनी इतरांसह २०१५ साली जो ताळेबंद मांडला, त्यात कॅनोलावरचा गहू गव्हावरच्या गव्हापेक्षा हेक्टरी सरासरी सुमारे ८ क्विंटल, म्हणजे एकरी सव्वातीन क्विंटल, अधिक उतरला.

मात्र कॅनोलालाही बेवड लागतो. ‘ब्लॅकलेग’ ही बुरशी त्याच्या धसकटांवर टिकते, आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम ऑस्ट्रेलियात तिने हे पीक जवळपास बुडविले होते. म्हणून जाणते शेतकरी त्याच रानात ते काही वर्षांच्या अंतरानेच घेतात आणि गेल्या हंगामाच्या धसकटांपासून नवी पेरणी निदान ५०० मीटर दूर ठेवण्याची तजवीज करतात, कारण बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन शेजारचे रान सहज गाठतात.