पाबळचा विज्ञान आश्रम

हवी ती वस्तू विकत आणण्याऐवजी स्वतः घडवणाऱ्या आणि ती कशी घडवली हे इतरांना मोकळेपणाने सांगणाऱ्या हौशी-अभ्यासू मंडळींच्या जगभरच्या उद्योगाला ‘मेकर चळवळ’ म्हटले जाते, आणि २००५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘मेक’ या नियतकालिकाने ते नाव सर्वतोमुखी केले. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावात मात्र त्याच्या दोन दशके आधी, १९८३ मध्ये, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापन करून हाताने काम करणे हीच शिक्षणाची पद्धत ठरवली होती. अमेरिकेत पीएच.डी. मिळवून हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या या शास्त्रज्ञाने शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना मंदबुद्धी मानण्यास नकार दिला, आणि आश्रमाचे मोठेपण सर्वप्रथम या नकारात आहे.

येथील निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चारही विभागांत प्रत्येक विद्यार्थी काम करतो आणि गावाला लागणाऱ्या सेवा मोबदला घेऊन पुरवतो. भूजल शोधण्याचेच उदाहरण घेतले, तर जमिनीत एका रेषेत चार सळया रोवून बाहेरच्या दोन सळयांमधून वीजप्रवाह सोडतात, आतल्या दोन सळयांमधील विद्युतदाब मोजतात आणि अंतर वाढवत नेऊन अधिकाधिक खोल थरांचा विद्युतरोध काढतात. विहिरीची जागा ठरवण्यासाठी हे करताना पुस्तकातला ओहमचा नियम शेतकऱ्याच्या पैशांशी जोडला जातो, आणि मग तो विसरणे अवघड होते.

२००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब उभी राहिली, जी एमआयटीबाहेरच्या जगातील अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक होती. संगणकावरील आराखड्यानुसार साहित्य कापणारी व कोरणारी छोटी यंत्रे जिथे सर्वांना वापरता येतात, अशी ही कार्यशाळा असते. तांब्याचा थर असलेल्या पट्टीवरून यंत्राचे बारीक टोक नको तेवढे तांबे खरवडून काढते, आणि उरलेल्या रेघांवर सुटे भाग सोल्डर केले की विद्युतमंडल तयार होते. अशी यंत्रे पैसे मोजले की कोठेही आणता येतात. पाबळला ती कामाला लागली याचे कारण असे की, वेल्डिंगचा ठिणग्यांनी काळवंडलेला विभाग तेथे आधीपासून होता आणि सोडवायचे प्रश्न गावातूनच रोज येत होते. त्याच परंपरेत त्रिकोणी सांगाड्यांचा, भिंत आणि छप्पर वेगळे नसलेला ‘पाबळ डोम’ आणि जीपच्या भागांपासून बांधलेला स्वस्त ट्रॅक्टर आधीच घडले होते.

२००३ मध्ये डॉ. कलबाग निवर्तले, तरी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाच्या रूपाने ही पद्धत महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत पोहोचली, आणि तेथे गावातलेच वेल्डर, वायरमन व शेतकरी निदेशक म्हणून मुलांसमोर उभे राहिले.