वसंताचा अनुस्वार

कातरकामाच्या भेटकार्डाची डिजिटल फाइल म्हणजे पात्याने चालायची वाट. फोटोची फाइल ठिपक्यांची असते, मोठी केली की कडा फुटतात. कापायच्या एसव्हीजी फाइलमध्ये रेषेचा आरंभ, वळण आणि शेवट गणिताने नोंदलेला असतो. म्हणून तीच गुढी बोटाएवढी किंवा दाराएवढी कापता येते. यंत्र नसेल तर तीच रेषा पीडीएफ करून छापायची आणि हाताने कापायची. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात ही दुसरी पद्धतच सोयीची. झेरॉक्सचे दुकान, कार्डशीट, कटर आणि स्टीलची पट्टी एवढ्यात काम भागते, आणि मध्येच वीज गेली तरी कागद वाया जात नाही.

शुभेच्छापत्रांचा इतिहास सांगताना हेन्री कोल यांनी 1843 मध्ये लंडनला काढलेल्या नाताळकार्डाचे नाव घ्यावेच लागते. एसव्हीजी 2001 मध्ये प्रमाणित झाले, इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर 2003 मध्ये आले. मराठी घरातली कातर त्याच्या किती तरी आधीची: पताका, मखराची नक्षी, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या.

इंटरनेटवर वसंताच्या नावाने मिळणाऱ्या फायलींत ट्युलिप, ससे आणि रंगवलेली अंडी असतात. मराठवाड्यातला वसंत पळसाचा, आंब्याच्या मोहराचा आणि कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीचा. पळसाला पाने तीनच, पण ऐन फुलोऱ्यात तीही बहुधा गळून गेलेली असतात. तेव्हा केशरी फुलांभोवती हिरवी पाने रचलेली फाइल दिसायला कितीही गोड असली तरी खोटी. कडुनिंबाच्या बाबतीतही हेच. त्याची पर्णिका किंचित वाकडी, कडेला दाते असलेली आणि देठाशी दोन्ही बाजूंनी असमान असते. गुढीच्या कार्डावर गुळगुळीत, सरळ पान चिकटवले की ते कढीपत्त्याचे वाटते.

तयार नक्षीचा सर्वांत मोठा साठा चैत्रांगणात आहे: झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, गोपद्म, कासव, नाग, चंद्र, सूर्य. मात्र ही रांगोळी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवता येत नाही. रांगोळीच्या सुट्या रेषेला जमीन धरून ठेवते. कागदाची सुटी रेषा खाली पडते. झोपाळ्याच्या साखळ्या, गौरीचे डोळे, चंद्राची कोर अशा प्रत्येक तुकड्याला शेजारच्या कागदाशी बांधणारा एखादा जोड ठेवावा लागतो. हाताने कापताना तो दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नसावा. नक्षी काढणाऱ्याचे सारे कसब हे जोड लपवण्यात असते.

याबाबतीत देवनागरी नशीबवान आहे. रोमन अक्षरे एकेक सुटी पडतात, देवनागरी शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. ‘ग’चे दोन भागसुद्धा तिच्याच आधाराने एकत्र राहतात. संगणकाला मात्र ही शिरोरेषा एकसंध दिसत नाही. त्याच्या लेखी ती शेजारच्या अक्षरांच्या एकमेकांवर चढलेल्या टोकांची बनलेली असते, आणि प्रत्येक टोकाची कड पाते इमानाने कापत जाते. ‘पाडवा’ कापायला घालावा आणि हाती प, ड, व आणि दोन काने यावेत, असा प्रकार होतो. म्हणून अक्षरांचे आधी आकृतीत रूपांतर करून मग ‘युनियन’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे सगळा शब्द एका बाह्यरेषेत येतो. आकृती झालेली अक्षरे दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तरी मोडत नाहीत, हा आणखी एक फायदा. एवढे करूनही अनुस्वार उरतोच. तो कशालाच चिकटलेला नसतो. टिंब हरवले की ‘वसंत’चा ‘वसत’ होतो. काही फायलींत टिंब शिरोरेषेला बारीक देठाने जोडतात. ते लिंबासारखे लोंबते आणि वाईट दिसते. सुटे कापून नंतर चिकटवणे बरे.

कागदासाठी कार्डशीट 220 ते 300 जीएसएमची घ्यावी. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचा हातकागद त्याहून देखणा. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या सुमारास कागद करणारे इथे आले असे परंपरा सांगते. या कागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे घडी कुठूनही घालता येते. गिरणीच्या कागदाला धार, म्हणजे तंतूंची एक दिशा, असते; घडी धारेला समांतर नसेल तर कड फुटते. मात्र हातकागदाची जाडी कमीजास्त असते. बारीक नक्षीत यंत्राचे पाते त्याचे तंतू ओढते, तिथे नवे पाते लावलेला हातच चांगला.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवावे. कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची रेघ काढून ती पट्टीने मोजली की माप बिघडले का ते लगेच कळते. नक्षी उलटी करून कागदाच्या मागच्या बाजूला छापली तर समोर शाईची रेघ दिसत नाही. फाइल फुकट मिळाली तरी तिच्यावरून केलेली कार्डे विकायची मुभा असतेच असे नाही, तेवढी अट वाचून घ्यावी.

कापताना आतले बारीक तुकडे आधी, बाहेरची कड शेवटी. वळणावर पाते न फिरवता कागद फिरवावा. गुढीचे थर मागून पुढे लावत यायचे: वेळू, वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरगाठी आणि सर्वांत वर उपडा तांब्या. फेव्हिकॉल आगकाडीच्या टोकाने ठिपक्याठिपक्याने लावला तर कार्डशीट फुगत नाही. अनुस्वाराचे टिंब त्याच काडीच्या ओल्या टोकाने उचलून जागेवर टेकवता येते.