मैदान गेले गावाबाहेर, टोपीवाल्याचे काय?

व्यापाराच्या पानावर क्रिकेट कशाला, असे काही वाचक विचारतील. पण नारायण पेठेत कापड विकणाऱ्याला सामना कोणत्या मैदानावर होतो याने बराच फरक पडतो, आणि शिवणाऱ्याला तर त्याहून जास्त.

29 फेब्रुवारी 1996 रोजी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना झाला. केनियाने 166 धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळले. लाराला रजब अलीने बाद केले, झेल तारिक इक्बालने टिपला. ही दोन नावे आमच्या दुकानात पुढे कित्येक दिवस निघत. ईद होऊन जेमतेम आठवडा झाला होता, शिंपी मंडळींचे हात रिकामे होते. वालिदसाहेबांनी उरलेले पॉपलीन आणि कटपीस काढून दिले. घोरपडे पेठेतल्या दोन कारागिरांनी रात्रभर मशीन चालवून उन्हाच्या टोप्या शिवल्या. सकाळी पोरे गठ्ठे घेऊन चालतच स्टेडियमला गेली. ना भाडे, ना हमाली. दुपारी माल संपला तेव्हा एक पोरगा पळत परत आला आणि उरलेसुरले घेऊन गेला. ईदनंतरच्या मंदीत कारागिरांच्या घरी आठवड्याचा किराणा त्या एका दिवसात आला.

या मैदानावर 1984 साली इंग्लंडचा संघ येऊन खेळला होता. शेवटचा एकदिवसीय सामना नोव्हेंबर 2005 मध्ये श्रीलंकेशी झाला. मग 2012 साली मावळ तालुक्यात, द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे नवे स्टेडियम उभे राहिले. मैदान देखणे आहे, यात वाद नाही. पुण्याला कसोटी मिळाली ती तिथेच, 2017 साली. 2023 च्या विश्वचषकाचे पाच सामनेही तिथेच झाले. पण पेठेतून ते पंचवीस-तीस किलोमीटर दूर. ऑक्टोबर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाचा सामना होता, तेव्हा आम्ही हौसेने टेम्पोत दोन गठ्ठे टाकून गेलो. टेम्पो लांब उभा करावा लागला, रस्ता मोटारींनी भरलेला, आणि मोटारीतून येणारा माणूस टोपी घरूनच आणतो. टेम्पोचे भाडे वजा केल्यावर चहापाण्याचेही पैसे सुटले नाहीत. त्यानंतर आम्ही गेलो नाही.

मुंबईतही मैदान बदलले होते. ब्रेबॉर्नच्या तिकिटांवरून वाद झाला आणि 1975 साली वानखेडेवर पहिली कसोटी झाली. मात्र दोन्ही मैदानांत एक किलोमीटरचेही अंतर नाही. चर्चगेट स्टेशन तेच राहिले, गिऱ्हाईकही तेच राहिले.

पुण्यात त्या दिवशी हरलेला कर्णधार रिची रिचर्डसन हा अँटिग्वा बेटाचा. लाखभर वस्तीचा तो देश. तिथले जुने रिक्रिएशन ग्राउंड सेंट जॉन्स शहराच्या अगदी मध्यात आहे. लाराने 1994 साली 375 आणि 2004 साली नाबाद 400 धावा केल्या त्या याच मैदानावर. 2007 च्या विश्वचषकासाठी चीनच्या मदतीने शहराबाहेर नॉर्थ साउंडला नवे स्टेडियम बांधले गेले. फेब्रुवारी 2009 मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी तिथे दहा चेंडूंत थांबवावी लागली, कारण गोलंदाजांचे पाय वाळूत रुतत होते. दोनच दिवसांत कसोटी शहरातल्या जुन्या मैदानावर सुरू झाली! तेव्हा तिथल्या फेरीवाल्यांनी काय म्हटले असेल, ते आम्हाला स्वारगेटवरून कळते.

नेहरू स्टेडियमला असा योग येईल, अशी आशा आम्ही धरत नाही. आता काम आहे ते क्लबांच्या पोशाखाचे. पेठापेठांतून, कारखान्यांतून, टेनिस चेंडूच्या स्पर्धांतून संघ निघाले आहेत. त्यांना पंधरा-वीस टी-शर्ट एका रंगात, पाठीवर नाव आणि नंबर घालून हवे असतात. आमच्या कारागीर भावांनी एवढे सांभाळावे की भारतीय संघाच्या जर्सीवरचे चिन्ह किंवा कंपनीची खूण छापू नये. दोन्ही नोंदलेली असतात. माल जप्त होतो, शिवाय कोर्टाचे हेलपाटे. आणि निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये. पाठीवर नाव छापलेला शर्ट दुसरे कोणी घेत नाही. आमच्याकडे असे अकरा पडून आहेत.