केंब्रिजचा गुरू, मराठीतला नवोदित लेखक

विज्ञानकथा लिहायला घेताय? मग आधी फ्रेड हॉयल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ वाचा. १९५७ ची कादंबरी. एक वायूचा ढग सूर्याकडे सरकतो आणि तो ढगच बुद्धिमान निघतो! लिहिणारा केंब्रिजचा नामांकित खगोलशास्त्रज्ञ, त्यामुळे गणितं, दुर्बिणी, शास्त्रज्ञांची भांडणं सगळं अस्सल. (पात्रं जरा कोरडी आहेत, पण चालतं.)

त्याच १९५७ मध्ये जयंत नारळीकर केंब्रिजला पोहोचले आणि पुढे हॉयल यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. संशोधनासोबत कथा लिहिणारा गुरू रोज समोर!

१९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं ज. वि. ना. उलटी केली की ना. वि. ज.! जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानं नवोदितांच्या रांगेत गुपचूप उभं राहावं, हे मला बक्षिसापेक्षा भारी वाटतं. बक्षीस मिळालंच, पहिलं.

‘ब्लॅक क्लाउड’नंतर नारळीकरांचा कथासंग्रह ‘यक्षांची देणगी’ घ्या. एक वैज्ञानिक कल्पना पकडून कथा कशी उभी करायची, ते त्यात नीट दिसतं.