कापलेल्या ली-एनफिल्डला पुन्हा लाकूड चढवताना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेच्या .303 ली-एनफिल्ड रायफली अमेरिका-कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांना हलकी बंदूक हवी होती, म्हणून अनेकांनी पुढचं लाकूड करवतीनं कापलं आणि नळीवरचं लाकडी आवरण काढून टाकलं. तिथले छंदिष्ट आज अशा रायफलींना मूळ रूप परत देतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

खरी कसोटी लाकडाची. जुनं अक्रोडाचं लाकूड मिळालं तरी नुसतं बसवून भागत नाही. ट्रिगरच्या पुढे ते पोलादाला जिथे टेकतं, तिथे दोन्ही बाजूंनी घट्टच हवं. फट राहिली, तर बाराच्या धक्क्यानं लाकूड चिरतं आणि नेमही बिघडतो. मग तिथे लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून, कानशीनं घासत घासत माप जुळवतात.

पोचे काढायला ओलं फडकं आणि गरम इस्त्री पुरते. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. त्यावर जवसाचं तेल, हातानं चोळून, पातळ थरांत. व्हार्निश नकोच! सँडपेपरही जपून, कारण तपासनिसांचे शिक्के एकदा घासले गेले की गेलेच.

बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या काही रायफलींच्या पुढच्या लाकडाभोवती तार गुंडाळलेली दिसते. कुणाची तरी डागडुजी समजून ती काढू नका. रायफलीवरून ग्रेनेड फेकताना लाकूड फुटू नये म्हणून ती मुद्दाम बांधलेली असते.