सराव चाचणीचं पान मुलांच्या फोनवर कसं चालतं? चला, मोजायला शिकूया



आपल्यापैकी बरेच जण आता मुलांसाठी सराव चाचण्या स्वतः तयार करतात. कोणी गुगल फॉर्म वापरतं, कोणी ब्लॉगरवर पान बनवतं, तर कोणी थोडं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट शिकून छोटंसं वेब ॲपच तयार करतं. आजचा लेख शेवटच्या दोन गटांसाठी आहे. (गुगल फॉर्ममध्ये आपला कोड घालता येत नाही, त्यामुळे तिथे ही पद्धत चालणार नाही.) पालकांनीही हा लेख जरूर वाचावा. का, ते पुढे कळेलच.

हे मोजायची वेळ का आली?

चौथीच्या मुलांसाठी मी अपूर्णांकांवर वीस प्रश्नांची चाचणी बनवली होती. भाकरीचे चार सारखे तुकडे, आठ तुकडे असे फोटो मीच घरी काढले. शाळेच्या लॅपटॉपवर चाचणी झटकन उघडली, माझ्या फोनवरही उघडली. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि मी निश्चिंत झाले.

वर्गातल्या एका मुलाची चाचणी तीन दिवस आलीच नाही. चौथ्या दिवशी आली, तर वीसपैकी सात. एरवी अपूर्णांक बरे जमणारा मुलगा. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "टाळाटाळ करतोस आणि मग घाईघाईत काहीही दाबतोस." तो काही बोलला नाही.

दोन दिवसांनी त्याची आई शाळेत आली. "बाई, तो रोज बसतो हो फोन घेऊन. ते नुसतं गोल गोल फिरत राहतं." मी त्यांचाच फोन हातात घेतला आणि व्हरांड्यात उभी राहून लिंक उघडली. मनात अकरापर्यंत आकडे मोजले, तेव्हा कुठे पहिला प्रश्न दिसला. मी बरोबर पर्यायावर बोट टेकवायला गेले, तेवढ्यात वर भाकरीचा फोटो आला, सगळं पान खाली सरकलं आणि माझं बोट भलत्याच पर्यायावर पडलं. उत्तर चूक!

म्हणजे त्या चाचणीत मीसुद्धा नापास झाले असते. सात गुण त्या मुलाचे नव्हते, माझ्या पानाचे होते.

आपल्या फोनवर चालतं, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर चालतं का?

नाही. आपला फोन नवा असतो. शिवाय पान बनवताना आपण ते पन्नास वेळा उघडलेलं असतं, त्यामुळे त्यातले फोटो आपल्या फोनमध्ये आधीच साठवलेले असतात. मुलाच्या फोनवर ते पान पहिल्यांदाच उघडतं.

यावर दोन प्रकारची साधनं आहेत. पहिला प्रकार आपल्याच संगणकावर चाचपणी करणारा, उदाहरणार्थ लाइटहाउस. ते क्रोममध्येच मिळतं आणि मंद फोनची नक्कल करून पान तपासतं. उपयोगी आहे, पण ही झाली रंगीत तालीम. दुसरा प्रकार खऱ्या वापरकर्त्याच्या फोनवर मोजणारा. आपल्याला हवा आहे तो हा दुसरा.

त्यासाठी वेब-व्हायटल्स नावाची एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकं नव्हेत, तर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. गुगलच्या क्रोम टीमने ती बनवली आहे आणि ती ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही मोफत वापरू शकतो आणि आत काय लिहिलंय ते उघडून वाचू शकतो. आकाराने अगदी लहान, दाबून पाठवली तर सुमारे २ केबी. आपल्या एका फोटोपुढे ती काहीच नाही.

तीन मापं समजून घेऊया

गुगलने २०२० मध्ये पानाचा अनुभव मोजण्यासाठी तीन मुख्य मापं ठरवली. त्यातलं एक २०२४ च्या मार्च महिन्यात बदललं. आजची तीन मापं अशी:

१) एलसीपी. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट (फोटो किंवा मजकुराचा मोठा भाग) दिसायला किती वेळ लागला? २.५ सेकंदांपर्यंत चांगलं, ४ सेकंदांच्या पुढे वाईट. माझ्या चाचणीत ही मोठी गोष्ट म्हणजे भाकरीचा फोटो.

२) आयएनपी. मुलाने बटण दाबल्यावर पडद्यावर बदल दिसायला किती वेळ लागला? संपूर्ण वापरात साधारण सगळ्यात जास्त रेंगाळलेला प्रतिसाद यात धरला जातो. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगलं, ५०० च्या पुढे वाईट. प्रतिसाद उशिरा आला की मुलं तेच बटण पुन्हा दाबतात, आणि मग पुढचा प्रश्न न वाचताच निघून जातो.

३) सीएलएस. पान वाचत असताना मजकूर अचानक किती सरकला? हे माप सेकंदांत नसतं. समजा, सरकण्यामुळे पडद्याचा निम्मा भाग बाधित झाला आणि मजकूर पडद्याच्या उंचीच्या एक पंचमांश इतका खाली गेला, तर ०.५ × ०.२ = ०.१. हीच चांगल्याची मर्यादा. ०.२५ च्या पुढे वाईट.

चाचणी घेणाऱ्या शिक्षकाने तिसऱ्या मापाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं, असं मी अनुभवाने सांगते. पान उशिरा उघडलं तर मूल कंटाळतं. पण पान सरकलं तर येत असलेलं उत्तर चुकतं, आणि आपल्याला वाटतं मुलाला येतच नाही.

लायब्ररी कशी जोडायची?

पायरी १ : लायब्ररीची फाईल आपल्या पानाच्या फायलींसोबत ठेवा आणि पानाच्या शेवटी, मॉड्यूल प्रकारच्या स्क्रिप्ट टॅगमधून ती बोलवा. ती सुरुवातीलाच आणायची गरज नाही. ब्राउझर आधीच्या नोंदी राखून ठेवतो आणि लायब्ररी मागाहून आली तरी त्या वाचते. ब्लॉगरवर हाच कोड एचटीएमएल/जावास्क्रिप्ट गॅजेटमध्ये टाकता येतो.

पायरी २ : लायब्ररीत प्रत्येक मापासाठी एक फंक्शन आहे : ऑन-एलसीपी, ऑन-आयएनपी, ऑन-सीएलएस. प्रत्येकाला आपण एक छोटं फंक्शन लिहून द्यायचं. माप तयार झालं की लायब्ररी आपल्या फंक्शनला मापाचं नाव, आकडा, शेरा (चांगलं, सुधारणा हवी, वाईट) आणि एक ओळखक्रमांक देते. पहिल्या दोन मापांचे आकडे मिलिसेकंदांत असतात, १००० ने भागलं की सेकंद.

पायरी ३ : ही लायब्ररी फक्त मोजते, आकडे कुठेही पाठवत नाही. ते काम आपलं. त्यासाठी ब्राउझरमध्येच सेंड-बीकन नावाची सोय आहे. मूल पान बंद करून निघून जात असतानाही ती शेवटची चिठ्ठी पोचवते. साधी पद्धत वापरली तर नेमकी तीच चिठ्ठी हरवू शकते.

पायरी ४ : चिठ्ठी घ्यायला गुगल शीट पुरेशी आहे. शीटच्या एक्स्टेंशन मेनूतून ॲप्स स्क्रिप्ट उघडा, डू-पोस्ट नावाचं फंक्शन लिहा, आलेली माहिती शीटच्या नव्या ओळीत जोडा आणि ते वेब ॲप म्हणून प्रकाशित करा. मिळालेला पत्ता पायरी ३ मध्ये वापरा.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवते. मूल पान बाजूला करून पुन्हा परत आलं, तर एकाच भेटीचं तेच माप दोनदा येऊ शकतं. दोन्ही ओळींचा ओळखक्रमांक सारखा असेल, तर शेवटची ओळ ठेवा, आधीची काढून टाका.

आकडे आले, आता सरासरी काढू का?

इथेच आपण शिक्षक फसतो! समजा, पान २० वेळा उघडलं. १४ वेळा २ सेकंदांत, ६ वेळा ९ सेकंदांत. सरासरी येते ४.१ सेकंद. पण ४.१ सेकंद वाट पाहिलेलं एकही मूल नाही. १४ मुलं मजेत आहेत आणि ६ जण ताटकळत आहेत, हे सरासरी लपवून टाकते. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून मागे राहिलेली मुलं पुढे आली असं होत नाही, तसंच हे.

म्हणून या मापांसाठी ७५ वा शततमक पाहायची पद्धत आहे. म्हणजे दर चारपैकी तीन भेटी या आकड्यात किंवा त्याहून कमी वेळात झाल्या. गुगल शीटमध्ये पर्सेंटाइल हे सूत्र ०.७५ घालून वापरा. वरच्या उदाहरणात उत्तर येतं ९ सेकंद. आता दुखणं कुठे आहे ते दिसलं. आपला वर्ग लहान असतो, त्यामुळे मी तर शीट उतरत्या क्रमाने लावून वरच्या सगळ्या ओळी एकेक करून पाहते.

माझ्या पानात काय सापडलं आणि काय बदललं?

- फोनने काढलेले फोटो मी जसेच्या तसे टाकले होते, प्रत्येकी काही एमबी. पडद्यावर ते हातभरसुद्धा दिसत नव्हते. रुंदी ८०० पिक्सेल करून वेबपी प्रकारात साठवले, की तोच फोटो शंभरेक केबीच्या आत बसतो.
- प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिली. त्यामुळे फोटो यायच्या आधीच ब्राउझर त्याची जागा धरून ठेवतो. पान सरकणं थांबलं. दोन शब्दांचं काम, पण सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.
- सुंदर दिसावा म्हणून घेतलेला देवनागरी फॉन्ट काढला. फोनमधला नेहमीचा फॉन्ट मुलांना छान वाचता येतो.
- दर उत्तरानंतर माझा कोड वीसच्या वीस प्रश्न पुन्हा रंगवत होता. आता फक्त समोरचा प्रश्न बदलतो.

एका वेळी एकच बदल करा आणि काही दिवस आकडे पाहा. सगळं एकदम बदललं तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

दोन गोष्टी विसरू नका

पहिली, मुलांची माहिती. या शीटमध्ये मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, पालकांचा मोबाइल नंबर काहीही घेऊ नका. आपल्याला पान तपासायचं आहे, मूल नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्यांच्या माहितीबाबत जास्त कडक तरतुदी आहेत. तारीख, पानाचं नाव, माप आणि आकडा एवढं पुरतं. आणि पालकांना ग्रुपवर साध्या शब्दांत सांगून ठेवा की पानाचा वेग मोजला जातो.

दुसरी, जे मोजलं जात नाही ते. पान पूर्ण येण्याआधीच कंटाळून मुलाने ते बंद केलं, तर लायब्ररी फोनवर पोचलेलीच नसते आणि शीटमध्ये ओळही येत नाही. म्हणजे सगळ्यात वाईट अनुभव नोंदीबाहेर राहू शकतो. म्हणून पट आणि शीटमधल्या ओळी ताडून पाहा. वर्गात ३० मुलं आणि भेटी फक्त १८ असतील, तर उरलेल्यांना रागवण्याआधी विचारा, "पान उघडलं होतं का रे?"

पालकांनाही एक विनंती. पान उघडत नसेल, फिरत राहत असेल, बोट भलतीकडे पडत असेल, तर बिनधास्त सांगा. "आमचाच फोन जुना आहे" असं म्हणून गप्प बसू नका. जुन्या फोनवर चालेल असं पान बनवणं हे आमचं काम आहे.

त्या मुलाची मी वर्गात सगळ्यांसमोरच माफी मागितली, कारण रागावलेही सगळ्यांसमोरच होते. पान दुरुस्त झाल्यावर त्याने त्याच आईच्या फोनवर चाचणी पुन्हा सोडवली. वीसपैकी सतरा. चुकलेले तीन प्रश्न मात्र त्याचे स्वतःचे होते, आणि ते आम्ही फळ्यावर भाकरी काढून पुन्हा शिकलो.

तुमच्या पानाचे आकडे काय आले, ते नक्की कळवा. अडलं तर विचारा, मिळून सोडवूया.